नाव गुप्त राहील या अटीवर

१८८४ मध्ये बेहरामजी मलबारी या पारशी सुधारकाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन टिपणे प्रसिद्ध केली. त्यांवर देशभरातून मते आली. जोतीराव फुल्यांनी आपल्या मताबरोबर एक हकिकतही लिहून पाठवली. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यामुळे तिला दिवस गेले. पोट पाडण्याची औषधे घेऊनही उपयोग झाला नाही, शेवटी मूल जन्मले. लोकलज्जेच्या भीतीने तिने ते मारून विहिरीत टाकले. पोलिसांना प्रेत सापडले, खटला उभा राहिला आणि काशीबाईला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याचे काय झाले? काहीच नाही.

ही घटना १८६३ची. त्याच साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्राह्मण वस्तीतल्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर त्याची जाहिरात चिकटवली गेली. तिचा आशय थोडक्यात असा होता, की विधवेने इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे हे तिने ठरवावे, ठेवल्यास त्याचा सांभाळ इथे होईल. १८८४पर्यंत तिथे पस्तीस विधवा बाळंत झाल्या, असे फुल्यांनी त्याच उत्तरात नोंदवले आहे. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली. बाकीची तीस आईने गरोदरपणी घेतलेल्या विषारी औषधांमुळे दगावली.

या सोयीचा सगळा डोलारा एका वचनावर उभा होता. तू कोण, कुठली, कुणाची, हे बाहेर फुटणार नाही. हे वचन नसते तर एकही बाई त्या दारात आली नसती. आज पुण्या-मुंबईत जन्मलेली आणि स्वीडन, स्वित्झर्लंड, जर्मनी किंवा अमेरिकेत वाढलेली चाळिशी-पन्नाशीची माणसे जन्मदात्या आईचा माग काढत महाराष्ट्रातल्या संस्थांमध्ये येतात, तेव्हा त्यांच्यापुढे उभी राहणारी भिंत याच वचनाची असते. ती कुणी दुष्टाव्याने बांधलेली नाही. ज्या गुप्ततेमुळे मूल जगले, तीच त्याच्या शोधाच्या आड येते.

विधवेच्या बाळंतपणाची दहशत किती होती, हे १८८१च्या सुरत भागातल्या खटल्यातून दिसते. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशी ठोठावली गेली, ती वरच्या कोर्टात कमी झाली. वर्तमानपत्रांनी मात्र तमाम बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्याने संतापलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. १८६२पासून लागू झालेल्या भारतीय दंडसंहितेतही दोन कलमे अशा बायकांच्या मानेवर टांगलेली होती. ३१७वे कलम बारा वर्षांखालचे मूल टाकून देण्याला सात वर्षांपर्यंतची कैद सांगत होते. ३१८वे कलम अर्भकाचे प्रेत गुपचूप पुरून जन्म लपवण्यालाही गुन्हा ठरवत होते. पुढची शंभर वर्षे पायरीवर सोडलेल्या मुलांसोबत चिठ्ठीचपाटी का सापडत नाही, याचे एक उत्तर ३१७व्या कलमात आहे. नाव लिहिणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणे होते.

पुण्यानंतर पंढरपूर. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ तिथे न्यायाधीश होते. प्रार्थना समाजाच्या विचारांच्या या माणसाने १८७५ मध्ये पंढरपुरात अनाथ बालकाश्रम आणि बालहत्या प्रतिबंधक गृह उभे केले. मुंबईच्या प्रार्थना समाजाने त्याचा भार उचलला आणि पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव या बालकाश्रमाला मिळाले. अशा गृहासाठी पंढरपूर हे गाव सोयीचे होते. विधवेला गावाबाहेर काढायचे तर कारण लागते, आणि विठोबाच्या दर्शनापेक्षा निर्विवाद कारण कोणते? यात्रेला गेलेली बाई काही महिने तिथेच राहिली तरी चारचौघांना सांगायला गोष्ट तयार असे. नंतर ती घरी परते, मूल आश्रमात राही.

आता याच महाराष्ट्रातली दुसरी रीत पाहावी. ती याच्या अगदी उलट होती.

दत्तकविधान हा भर मांडवातला सोहळा. नातेवाईक, भाऊबंद, भटजी, गावचे पुढारी साक्षीला. जन्मदाते आईबाप मुलाला उचलून दुसऱ्याच्या मांडीवर देणार, घेणारा ते स्वीकारणार, होम होणार, कागद होणार. इथे लपवायचे काही नव्हतेच. उलट जितके साक्षीदार तितके बरे, कारण उद्या वतनावरून भाऊबंदकी पेटली तर हेच लोक साक्षीला उभे राहणार. १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. त्याचा सख्खा भाऊ संपतराव पुढे बडोद्यातच नांदला. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला, ते शाहू महाराज. त्यांचे जन्मदाते वडील आबासाहेब घाटगे तेव्हा कोल्हापूर संस्थानचे रीजंट होते. दत्तक गेलेल्या मुलाचा कारभार जन्मदात्या बापाने पाहावा, यात कुणाला काही वावगे वाटले नाही. झाशीच्या लक्ष्मीबाईंच्या मांडीवर आलेला दामोदरराव हा नेवाळकरांच्याच भाऊबंदातला आनंदराव, हेही साऱ्या शहराला ठाऊक होते. गव्हर्नर जनरल डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याचे आणि पुढे झाशीचे दत्तक नामंजूर केले. वाद दत्तकाच्या हक्काचा होता, त्याच्या जन्माविषयी कुणाला शंका नव्हती.

दत्तक मुलाला आपले मूळ शोधावे लागत नसे. ते त्याला विसरूही दिले जात नसे. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक गेलेल्याचे गोत्र आणि वारसा बदलला, तरी लग्न जुळवताना जन्मकुळाची नाती पाळावीच लागत. १९५६च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यानेही हे उचलले. त्याच्या १२व्या कलमानुसार दत्तकाच्या दिवसापासून जन्मघराशी सगळे संबंध तुटतात. त्याला एक अपवाद असा, जन्मघरात राहिला असता तर ज्यांच्याशी लग्न निषिद्ध ठरले असते, त्यांच्याशी ते दत्तक गेल्यावरही निषिद्धच. हा नियम पाळायचा तर जन्मदाते कोण हे माहीत हवे. पायरीवर सापडलेल्या मुलाने तो कसा पाळावा, याचे उत्तर कायद्यात नाही.

कारण त्या मुलाचा शास्त्रात विचारच नव्हता. दत्तकाला देणारा हवा, आणि देण्याचा अधिकार फक्त आईबापांना. ज्याला द्यायला कुणीच नाही तो अनाथ, जुन्या हिंदू कायद्याने सहसा दत्तक होऊच शकत नसे. मुलगीही दत्तक घेता येत नव्हती. त्यामुळे गृहात आईविना राहिलेल्या पोराला कुणी जीव लावून वाढवले, तरी कायद्याच्या लेखी तो पोसलेला, दत्तक नव्हे. फुल्यांच्या घरात मात्र १८७४ मध्ये एका विधवेने जन्म दिलेला मुलगा तिच्याच संमतीने दत्तक झाला. तिचेही नाव काशीबाईच असल्याचे सांगितले जाते. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंबरोबर रुग्णसेवेत राबला. १८९० मध्ये जोतीराव वारले, तेव्हा या दत्तकपुत्राने टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेतले अग्नीचे मडके, धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेऊन अंत्ययात्रेपुढे चालत वाद मिटवला. त्या काळी गृहात जन्मलेल्या मुलाच्या आईचे नाव इतिहासात उरले, असे हे विरळा उदाहरण.

१९५६च्या कायद्याने मुली दत्तक देण्याची आणि घेण्याची वाट मोकळी केली. १९६२च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या किंवा आईबाप अज्ञात असलेल्या मुलालाही कोर्टाच्या परवानगीने दत्तक देण्याची मुभा पालकाला, म्हणजे प्रत्यक्षात संस्थेला मिळाली. शास्त्राची मोठी अडचण तिथे सुटली आणि इथून दोन रीतींची सरमिसळ सुरू झाली. दत्तकाचा जाहीर कायदा आणि गुप्त बाळंतपणाच्या संस्था एकाच दारात आल्या. पुण्यात ससून रुग्णालयातल्या बेवारस बाळांसाठी १९६४ मध्ये ‘सोफोश’ ही संस्था उभी राहिली आणि तिचे ‘श्रीवत्स’ हे बालसंगोपन केंद्र नावारूपाला आले. मुंबईत १९७० मध्ये दत्तक-प्रसारासाठी इंडियन असोसिएशन फॉर प्रमोशन ऑफ अ‍ॅडॉप्शन स्थापन झाली. विधवांच्या जागी आता मुख्यतः कुमारी माता होत्या. भीती मात्र तीच, आणि वचनही तेच.

परदेशी जोडप्यांना हा हिंदू कायदा लागू नव्हता. त्यांच्यासाठी १८९०चा पालक व पाल्य कायदा कामी आला. कोर्ट मुलाचे पालकत्व देई, मूल विमानाने परदेशी जाई आणि दत्तक तिथल्या कायद्याने पूर्ण होई. अशा रीतीने मुलाच्या आयुष्याचे कागद दोन देशांत विभागले गेले. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत युरोप-अमेरिकेत अशी अनेक मुले गेली. एकट्या स्वित्झर्लंडमध्ये १९७३ ते २००२ या काळात भारतातून २,२७८ मुले गेल्याचे तिथल्या संशोधनात नोंदले आहे. झ्युरिक आणि थुरगाऊ या प्रांतांतल्या तपासलेल्या प्रकरणांत जन्मदात्यांच्या संमतीचे कागद मिळाले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झालेली लिसा स्थळेकर ही १९७९ मध्ये पुण्यात जन्मलेली आणि ‘श्रीवत्स’मधून तीन आठवड्यांची असताना दत्तक गेलेली मुलगी. तिचे दत्तक वडील मुंबईचे होते, त्यामुळे आडनाव तरी मराठी राहिले. बहुतेकांच्या वाट्याला तेवढीही खूण आली नाही.

१९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी परदेशी दत्तकातल्या गैरप्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. ६ फेब्रुवारी १९८४च्या निकालात न्या. पी. एन. भगवती यांनी संस्थांना मान्यता, कागदांची छाननी, देशातल्या पालकांना प्राधान्य अशी चौकट घालून दिली. त्याच निकालात शोधाच्या प्रश्नालाही स्पर्श झाला. जन्मदात्यांना दत्तक पालकांचा पत्ता लागू नये, असे न्यायालयाने बजावले. पण मूल कळते-सवरते झाल्यावर जन्मदात्यांविषयी विचारू लागले, तर ती माहिती देण्याला मोठी हरकत नसावी आणि ती द्यायची की नाही हे दत्तक पालकांनी ठरवावे, असेही म्हटले. माहितीची किल्ली अशी दत्तक पालकांच्या हाती गेली. मुलाचा स्वतःचा हक्क अजून लांब होता. इंग्लंडने सज्ञान दत्तक मुलांना मूळ जन्मदाखला पाहण्याचा हक्क १९७५च्या कायद्याने दिला होता, स्कॉटलंडने तर १९३०लाच.

हेगमध्ये १९९३ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने चित्र पालटायला सुरुवात झाली. मुलाचे मूळ, आईवडिलांची ओळख आणि वैद्यकीय माहिती जपून ठेवणे आणि कायदा परवानगी देईल तितकी ती मुलाला उपलब्ध करून देणे, हे त्यात सरकारांचे कर्तव्य ठरले. भारताने २००३ मध्ये करारावर शिक्कामोर्तब केले. ‘कारा’, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, १९९०पासून होतेच. २०१५च्या बाल न्याय कायद्याने त्याला वैधानिक दर्जा दिला. २०१७ आणि २०२२च्या दत्तक नियमावल्यांमध्ये मूळ शोधासाठी स्वतंत्र तरतूद आली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतः अर्ज करता येतो. तिच्या वतीने तिसऱ्या माणसाला माहिती मागता येत नाही. आणि मुलाच्या हक्काने जन्मदात्यांच्या खासगीपणाच्या हक्काला बाधा येऊ नये, असेही नियमात लिहिले आहे.

अर्ज मंजूर झाला तरी फाईलमध्ये सापडते काय? संस्थेच्या नोंदवहीत दाखल झाल्याची तारीख, वजन, प्रकृतीचा शेरा. मूल सापडलेले असेल तर पोलीस ठाण्याची नोंद. इस्पितळात जन्मले असेल तर बाळंतपणाच्या रजिस्टरमधली एक ओळ, आईचे नाव, वय, गाव. कोर्टाचा पालकत्वाचा आदेश. आईने स्वतः मूल सोपवले असेल तर सही किंवा अंगठा असलेला कागद. जन्मतारीख अनेकदा डॉक्टरांनी अंदाजाने घातलेली, पहिले नाव संस्थेतल्या बाईंनी ठेवलेले. आणि ज्या एका ओळीवर सगळी भिस्त, तिथले आईचे नाव खोटे असण्याची शक्यता मोठी. कुमारी मातेने नाव बदलून सांगायचे, गाव शेजारच्या तालुक्यातले सांगायचे, सोबत आलेल्या मावशीने आपण आई असल्याचे सांगायचे. संस्थेनेही फार खोदून विचारायचे नाही. तो अलिखित कराराचा भाग होता.

सरू ब्रायर्लीच्या शोधाची गोष्ट जगभर गाजली, ती वेगळ्या जातीची होती. खांडव्याच्या वस्तीतला पाच वर्षांचा मुलगा बऱ्हाणपूरहून गाडीत चढला आणि कोलकात्याला हरवला. १९८७ मध्ये टास्मानियातल्या जोडप्याने त्याला दत्तक घेतले. स्टेशनजवळची पाण्याची टाकी, पूल, वाटा अशा आठवणींवरून त्याने गूगल अर्थवर गाव हुडकले आणि २०१२ मध्ये आईला भेटला. त्याच्याजवळ आठवणी होत्या, आणि त्याची आई मुलाची वाट पाहत त्याच गावात राहिली होती. महिन्याचे असताना पुण्यातून गेलेल्या बाळाजवळ आठवण नसते. आईही कदाचित वाट पाहत नसते. निदान उघडपणे तरी नाही. डीएनए चाचणीने अलीकडे एक आडवाट उघडली आहे. युरोप-अमेरिकेत थुंकीचा नमुना देऊन चुलत-मावस नातलग सापडतात. पण त्यासाठी नातलगांनीही नमुना दिलेला असावा लागतो, आणि सांगली किंवा लातूरच्या खेड्यातली साठीची बाई या परदेशी कंपन्यांच्या यादीत असण्याची शक्यता जवळपास नाही.

म्हणून शोध शेवटी पायपिटीवर येतो. तालुक्याचे नाव खरे निघाले तर गावे पालथी घालणे, आडनावावरून भावकी शोधणे, शाळेतले जुने दाखले, रेशनकार्डे, निवृत्त परिचारिकांची आठवण. त्या आईचे पुढे लग्न झालेले असते, नवऱ्याला आणि मुलांना यातले काही माहीत नसते. तिच्या नावाने पत्र पाठवले तर ते कोण उघडेल? फोन केला तर कोण उचलेल? एखादी चौकशी चावडीवर पोहोचली, की चाळीस वर्षे जपलेली गोष्ट दुपारपर्यंत गावभर होते. दुसऱ्या बाजूला फ्रँकफर्ट किंवा स्टॉकहोमहून आलेल्या माणसाला डॉक्टर विचारतात, तुमच्या घराण्यात मधुमेह आहे का, कर्करोग आहे का, आणि तो दरवेळी माहीत नाही असे सांगतो. त्याची मागणी वारशाची नाही. आपण टाकले गेलो की सोपवले गेलो, एवढे तरी त्याला कळायला हवे असते.

या दोघांत निवाडा कसा करायचा, हे नियमावलीने एका अटीवर सोपवले आहे. मूल सोपवताना जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल, तर शोधाच्या वेळी त्यांची संमती घ्यावी लागते. संमती नाकारली किंवा माणूस सापडलाच नाही, तर अर्जदाराला ते कळवून हाती असलेली इतर माहिती द्यायची. १९७०-८०च्या दशकांतल्या आयांना असा प्रश्न कुणी कागदावर विचारलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्याबाबतीत संस्था आपापल्या समजुतीने वागतात. कुणी फाईल दाखवते, कुणी नावावर कागद ठेवून दाखवते, कुणी आधी स्वतः जाऊन बाईला भेटून येते. काही प्रकरणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेली आहेत.

आता मूल सोपवणाऱ्या आईला बालकल्याण समितीपुढे यावे लागते. तिचे समुपदेशन होते, समर्पणाचा कागद होतो आणि निर्णय फिरवायला दोन महिने मिळतात. परिस्थितीच्या रेट्याने मूल सोडणाऱ्या आईबापांना क्रौर्याच्या कलमातून २०१५च्या कायद्याने वगळले आहे, त्यामुळे नाव सांगण्याची भीतीही काहीशी कमी झाली. २०२१च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हा न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यामुळे जुन्या शोधकर्त्यांना कोर्टाचे रेकॉर्ड चाळावे लागते, तर पुढच्यांची वाट जिल्हाधिकारी कार्यालयातून जाईल. या व्यवस्थेतून २०२२ मध्ये दत्तक गेलेले तान्हे बाळ २०४० मध्ये अठरा वर्षांचे होईल. त्या वेळी त्याने अर्ज केला तर फाईलमध्ये आईचे खरे नाव, खरे गाव आणि तिने गुप्तता मागितली होती की नाही, हे तिन्ही असण्याची शक्यता पूर्वीपेक्षा बरीच जास्त आहे. आणि तिने ती मागितली असेल, तर एका अधिकाऱ्याला तिच्या दारात जाऊन, घरातल्या कुणाला संशय येऊ न देता, तिला पुन्हा एकदा विचारावे लागेल.